पिवळ्या पाण्याची नळी

मी रबराची नळी बोलतेय. विटकरी रंगाची, पेन्सिलीहून बारीक, इंग्रजी टी अक्षरासारखी. दोन आखूड हात आणि एक लांब पाय, एवढंच माझं अंग. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल, आणि पाहायची वेळ तुमच्या घरावर न येवो. पण आलीच, तर निदान माझी गोष्ट तुमच्या कानावर असावी म्हणून सांगतेय.

माझं काम सोपं आहे. माणसाच्या यकृतात पित्त तयार होतं आणि एका अरुंद वाटेनं आतड्यात उतरतं. त्या वाटेत खडा अडकला की पित्त तुंबतं, रक्तात चढतं आणि माणूस डोळ्यांपासून नखांपर्यंत पिवळा होतो. मग डॉक्टर पोट उघडतात, ती वाट चिरतात, खडा काढतात. चीर भरून येईपर्यंत माझे दोन हात त्या वाटेत ठेवतात आणि पाय पोटाबाहेर काढून खाटेखालच्या बाटलीत सोडतात. पित्त माझ्यातून थेंब थेंब बाहेर येत राहतं. दहा-बारा दिवसांनी मला ओढून काढतात, आणि माणूस घरी जातो. जावा, अशी अपेक्षा असते.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यातला. कुठल्या तरी लांबच्या झाडाचा चीक, तो तापवला, साच्यात घातला आणि मी झाले. आम्ही बारा बहिणी एका डब्यात, अंगाला शंखजिऱ्याची पूड लावून, रेल्वेनं सोलापूरला आलो. दवाखान्याचं नाव सांगत नाही. दगडी बांधणीचा, धर्मादाय, गिरणीच्या भोंग्यावर चालणारा दवाखाना होता. भोंगा झाला की रोग्यांना चहा, भोंगा झाला की सिस्टरांची पाळी बदलणार.

ऑपरेशनच्या खोलीत मौलालीचाचा होता. हत्यारं धुणं, उकळणं, पुसून मांडणं हे त्याचं काम. त्यानं मला डब्यातून उचललं, कानाशी धरून ताणलं आणि म्हणाला, "पक्की हाय. दहा पोटं काढंल ही."

त्या काळी रबराची नळी फेकत नसत. एका पोटातून काढायची, धुवायची, उकळायची, दुसऱ्या पोटात घालायची. मला त्यात काही वावगं वाटत नसे. भांडी नाही का आपण घासून पुन्हा वापरत?

शिवयोगी डॉक्टरांच्या ट्रेमध्ये पित्ताच्या वाटेला जाणारे आम्ही चौघं होतो. सगळ्यात जुना चिमटा. पोलादी, मान वाकडी, तोंडाला चमच्यासारख्या दोन पाकळ्या. आत शिरून चाचपायचं आणि लागेल तो खडा धरून आणायचा, हा त्याचा धंदा. त्याला दिसत काही नसे. तरी फार तोरा. दुसरी सळई. तिच्या टोकाला जोंधळ्याच्या दाण्याएवढी गुंडी. ती वाटेतून खाली घालायची, आतड्यात उतरली की वाट मोकळी समजायची. तिसरी मी.

आणि चौथी दुर्बीण. ती नवी आली होती, मखमलीच्या पेटीतून. काटकोनात वाकलेली, टोकाला गव्हाएवढा दिवा. शिवयोगी डॉक्टरांनी मुंबईला खटपट करून आणली होती. तिला आमच्यासारखं उकळायचं नसे, तिच्या औषधात वेगळं बुडवून ठेवायचं. मौलालीचाचा तिला हात लावायच्या आधी दोनदा साबणानं धुवायचा. "नवी नवरी हाय बाबा," म्हणायचा. "चुलीपुढं बसवायची न्हाई."

चिमटा तिच्यावर जळायचा. पण खरं सांगायचं तर आम्हा चौघांत डोळा तिलाच होता. तिनं आत पाहिलं की खडा राहिलाय की नाही हे कळायचं. आम्ही बाकीचे अंदाजावर.

एकदा हात धुताना शिवयोगी डॉक्टर सिस्टर सुंदरम्माला म्हणाले होते, "चिमटा आंधळा आहे. सळई खड्याच्या बाजूनं निसटून जाते आणि आपल्याला वाटतं वाट मोकळी. दुर्बिणीचं दिव्यावर अवलंबून. मागं राहून खरं सांगते ती ही नळी. नळीला खोटं बोलता येत नाही."

हे ऐकून मी फुगले होते. ते वाक्य मी अजून विसरले नाही.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात वच्छला आली.

बावीस वर्षांची. सासर केमचं, माहेर माढ्याजवळच्या वस्तीवर. नवरा रामहरी केमला कुंकवाच्या कारखान्यात कामाला. कुंकू हळदीचंच करतात, त्यामुळे त्याच्या नखांत, कानांत, सदऱ्याच्या शिवणीत कायम हळद. अंबू नावाची चार महिन्यांची मुलगी पदरात. बाळंतपणानंतर महिन्याभरात वच्छलाचे डोळे पिवळे व्हायला लागले, तेव्हा सासू हसून म्हणाली होती, "नवऱ्याची हळद लागली गं हिला." मग पोटात कळा यायला लागल्या आणि हसणं थांबलं.

हे सगळं मला नंतर खाटेवर कळलं. एखादीच्या पोटात बारा दिवस राहिलं की तिच्या आईचं बोलणं चुकत नाही.

तिची आई गोजरबाई. काटकुळी, कपाळाला मोठं गोंदण, हात कधी रिकामा नाही. शेजारच्या खाटेवर कमरबी होती, पाय मोडून पडलेली. गोजरबाई तिला सांगत बसायची, "आवो, आमी काय कमी केलं व्हय? हळद बंद, त्याल बंद, डाळ बंद. पिवळं दूद पोरीला बादंल म्हून अंबूला आंगावरनं तोडली. माळ घातली काविळीची डोक्यात. ती उतरत उतरत पार पायापतुर आली. चुन्याच्या पान्यात हात धुवायला लावलं रोज सकाळी. परातीत पानी असं पिवळंजर्द व्हायचं, की समदी म्हनायची, निगाली बगा कावीळ."

"आनि?" कमरबीनं विचारलं.

"निगत व्हती, पर सरत न्हवती."

दोन महिने असे गेले. वच्छलाला उभं राहवेना, तेव्हा गोजरबाईनं जावयाचं न ऐकता तिला रेल्वेत घातलं आणि सोलापूरला आणलं.

ऑपरेशनच्या दिवशी दुर्बिणीचा दिवा लागला नाही.

"आठवडा झाला सर," सुंदरम्मा म्हणाली. "मुंबईला लिहिलंय. पार्सल आलं नाही."

शिवयोगी डॉक्टर क्षणभर थांबले. पण पोट उघडलेलं होतं, आणि पोरीची नाडी थांबू देत नव्हती. त्यांनी चिमटा घेतला. चिमट्यानं चार खडे आणले, एकेक बशीत टाकताना टण्ण वाजला. मग सळई घातली. ती खाली उतरली. डॉक्टर म्हणाले, "वाट मोकळी दिसतेय."

पाहिलं मात्र कुणी नव्हतं.

मग मला आत ठेवलं. माझा खालचा हात त्या वाटेत सरकला आणि पार तळाशी, वळणाच्या कोपऱ्यात, मला काही तरी टेकलं. कठीण. खरबरीत. जोंधळ्याच्या दाण्याहून थोडं मोठं. पाचवा खडा.

मी ओरडू शकत नाही. मला तोंड आहे ते फक्त पाणी वाहायला. माझी सांगायची रीत एकच आहे, ती पुढं सांगते.

रंगाचं औषध माझ्यातून आत सोडून एक्स-रेचा फोटो काढला असता, तरी खडा दिसला असता. पण ते औषध दवाखान्यात संपलं होतं. कधी येणार ते कुणालाच माहीत नव्हतं.

वॉर्डात आणल्यावर दुसऱ्या दिवशी गोजरबाईनं खाटेखाली वाकून बाटली पाहिली आणि तिचा चेहरा उजळला. बाटलीत पिवळं, हिरवट, दाट पाणी.

"कमरबी, बगा हिकडं! परातीत काय व्हतं? आता निगाली खरी. मुळासकट निगाली!"

त्या दिवसापासून बाटली हेच तिचं देवघर झालं. सकाळी उठली की आधी बाटली बघायची, मग तोंड धुवायची. किती आलं ते बोटानं मोजायची. आज चार बोटं, आज पाच. आणि खरंच, वच्छलाचे डोळे निवळायला लागले होते. तुंबलेलं पित्त माझ्यातून बाहेर जात होतं, म्हणून. खालची वाट तशीच बंद होती. पण ते गोजरबाईला कुठून कळणार? ते डॉक्टरांनाही कळलं नव्हतं.

रविवारच्या गाडीनं रामहरी आला. वॉर्डात लहान मुलं आणू देत नसत, म्हणून त्यानं अंबूचं टोपडं आणलं होतं. वच्छलानं ते नाकाशी धरलं.

"दूद पितीय का?"

"पितीय की." रामहरी नखातली हळद कोरत बसला. "आई बोंडल्यानं शेळीचं पाजती. निम्मं वकती."

"वाळली आसंल."

"न्हाय गं."

"माज्याकडं बगून सांगा."

त्यानं वर पाहिलं नाही. गोजरबाई म्हणाली, "जावईबापू, पान्याची बाटली बगा, कशी भरलीया! चार दिसांत लेक घेऊन येते का न्हाय ते बगा." तो गेल्यावर वच्छलानं टोपडं उशीखाली ठेवलं. रात्रंदिवस तिथंच. तिचं स्वतःचं दूध आटत आलं होतं, तरी अंबूचं नाव निघालं की चोळी ओली व्हायची, आणि ती तोंड भिंतीकडं करायची.

दहाव्या दिवशी सकाळचा भोंगा झाला आणि शिवयोगी डॉक्टर आले. त्यांनी मला बाहेरच्या बाजूला दुमडलं आणि वर सुती दोरा घट्ट बांधला. बाटलीत पडणारी धार थांबली.

आता माझी सांगायची रीत ऐका. मला बांधलं की पित्ताला बाहेर यायला जागा उरत नाही. खालची वाट मोकळी असेल तर ते मुकाट्यानं आतड्यात उतरतं, आणि रोग्याला काहीच होत नाही. वाट बंद असेल तर तुंबतं. पोटात कळ येते, ताप चढतो. ती कळ म्हणजे माझं बोलणं. कळ आली की डॉक्टरांनी ओळखायचं, नळी काढायची नाही.

हे सगळं शिवयोगी डॉक्टरांनी सुंदरम्माला सांगितलं. खाटेशीच उभं राहून सांगितलं, पण इंग्रजीत. ट्रेमध्ये राहून मला तेवढं कळायला लागलं होतं. दुखलं तर आत खडा आहे असं समजायचं, म्हणाले. मग घाई नाही. नळी सहा आठवडे ठेवू, तिच्याभोवती वाट पक्की होईल, आणि पोरीला मुंबईला पाठवू. तिकडं आता याच नळीच्या वाटेनं आत जाऊन बारीक जाळीत खडा पकडून आणतात, पोट पुन्हा फाडावं लागत नाही. कुणी कुणी तर तोंडातून लांब वाकणारी दुर्बीण घालून पित्ताच्या दारापर्यंत जायला लागलेत. आपल्याकडं नाही, पण नळी आहे तोवर वाट आहे.

गोजरबाई हात जोडून उभी होती. तिच्या वाट्याला मराठीत दोन वाक्यं आली. "आजी, दोरा सोडायचा नाही. दोन दिवस दुखलं नाही, ताप आला नाही, की नळी काढून घरी."

डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले. गोजरबाईनं सुंदरम्माचा पदर धरला नाही एवढंच. "बाई, आजून पिवळं येतंय की. मंग बांदलं कशापायी?"

सुंदरम्माच्या हातात चार रोग्यांची औषधं होती. "डॉक्टर बोलले ना अम्मा. बांधायचं म्हणजे बांधायचं. सोडायचं नाही, समजलं?"

"व्हय," गोजरबाई म्हणाली. समजलं काहीच नव्हतं.

दुपारी सिस्टर जेवायला गेल्या. वच्छलानं पाय पोटाशी घेतले. मला आत पित्त चढताना जाणवत होतं. मी बोलायला लागले होते.

"आये, पिळतंय गं."

"कुटं?"

"नळीच्या मागं. लई पिळतंय."

"सिस्टरला बलिवते."

"नगं!" वच्छलानं आईचं मनगट धरलं. "दुखलं म्हनून सांगितलं तर ठिवून घेत्याल. न्हाय दुखलं तर परवा घरी. अंबू तितं..." टोपडं मुठीत होतं.

गोजरबाई माझ्याकडं बघत राहिली. त्या गाठीकडं. तिच्या डोक्यात काय चाललंय ते तिच्या बोटांवरून कळत होतं. "कावीळ आत कोंडून घातली तर जाईल कुटं ती?" ती पुटपुटली. "मोठे डाक्टर हायती, पर आईच्या जिवाला बी काय कळतं का न्हाय?"

तिनं पितळी तांब्या घेतला. गाठ कशी होती ते आधी नीट पाहून ठेवलं. मग दातानं दोरा सैल केला.

पित्त असं उसळून आलं की तांब्यात आवाज झाला. वच्छलाच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली. श्वास खाली बसला.

"बगितलंस? केवडी साठली व्हती माझ्या लेकीच्या पोटात!" गोजरबाईच्या डोळ्यांना धार लागली. "हे आत ऱ्हायलं आसतं तर?"

तिनं दोरा पुन्हा तस्साच बांधला. तांब्या मोरीत ओतला, वरून पाणी सोडलं. परत आली तेव्हा कमरबी उताणी पडून छताकडं बघत होती.

"कमरबी..."

"माझं पाय मोडलंय, गोजरबाई. डोळे बी गेलेत असं समजा." मग हळूच म्हणाली, "उद्या सिस्टर जरा लौकर येती. मी खोकली की थांबा."

मी आतून ओरडत होते. मला बोलू दे गं, मी हिचंच बोलतेय. पण दोरा सुटला की माझा आवाजही सुटून तांब्यात पडत होता. दोन दिवसांत सहा वेळा असं झालं. कमरबी दोनदा खोकली. तापाच्या कागदावर रेघ सरळ राहिली.

बाराव्या दिवशी शिवयोगी डॉक्टर आले. गाठ पाहिली. घट्ट होती. बाटली कोरडी होती.

"दुखलं काय गं?"

वच्छलानं आईकडं पाहिलं. मग उशीखाली हात घातला. "न्हाय सायेब."

"जराही नाही?"

"न्हाय."

डॉक्टर पहिल्यांदाच हसले. सुंदरम्माकडं वळून म्हणाले, "सांगत होतो ना? नळीला खोटं बोलता येत नाही."

त्यांनी मला धरलं आणि एका लयीत ओढलं. मी बाहेर आले. माझ्या मागं ती वाट मिटायला लागली.

मी धुतली गेले, उकळली गेले, खिळ्यावर वाळत टांगली गेले. वच्छला त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं जाणार होती. गोजरबाईनं गाठोडं बांधलं होतं. पण जखमेवरची पट्टी पिवळी भिजत राहिली म्हणून एक दिवस ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी पट्टी कोरडी झाली, आणि गोजरबाईनं देवाला हात जोडले. पित्तानं बाहेरची वाट सोडून आतल्या आत पोटात उतरायला सुरुवात केली होती.

तिसऱ्या दिवशी वच्छलाला हुडहुडी भरलेल्या अवस्थेत परत आमच्या खोलीत आणलं. पोट पाट्यासारखं कडक. मौलालीचाचानं मला खिळ्यावरून काढलं. "तीच नळी देऊ, साहेब?"

"असेल ती दे. लवकर."

पोटात सगळीकडं पिवळं होतं. या वेळी डॉक्टरांनी ना चिमटा घेतला ना सळई. बोट घालून तळापर्यंत चाचपत गेले, आणि वळणाच्या कोपऱ्यात थांबले. खडा काढून बशीत टाकला. टण्ण.

"इथं होता. सळई याच्या बाजूनं गेली." मग कितीतरी वेळ टाके घालता घालता तेच बोलत राहिले. "पण दुखलं कसं नाही? बांधल्यावर दुखायलाच हवं होतं. कसं नाही दुखलं?"

सुंदरम्मा सुई ओवून देत राहिली. तिला माहीतच नव्हतं. माहीत होतं ते मला. आणि मला आत ठेवून शिवून टाकलं होतं.

पुन्हा तीच खाट, तीच बाटली. पण वच्छला आता नीट शुद्धीवर नव्हती. बोलली तर अंबूशीच बोलायची. पहिल्या दिवशी बाटलीत चार बोटं आलं. दुसऱ्या दिवशी दोन. यकृतच थकत चाललं होतं, पित्त करायची ताकद त्यात उरली नव्हती.

गोजरबाई खाटेखाली वाकून बघायची आणि उठून कमरबीला सांगायची, "कमी व्हायला लागलंय हां." दुपारी पुन्हा वाकली. "आता नुसतं थेंब थेंब. सरत आली बगा कावीळ. ह्या बारीला खरी सरली." तिनं वच्छलाच्या केसांतून हात फिरवला. "आयकलं का गं? सरली कावीळ. अंबूकडं जायाचं आता."

कमरबीनं चादर तोंडावर ओढून घेतली.

तिसऱ्या प्रहरी, भोंगा व्हायच्या थोडं आधी, माझ्यातून शेवटचा थेंब गेला. मग मागून काही आलं नाही. मी वाट बघत राहिले. वरून येणारी ऊब हळूहळू कमी झाली. भोंगा झाला. गोजरबाई बाटली हातात धरून बसली होती, कोरडी बाटली, आणि हसत होती. वर बघायला तिला थोडा वेळ लागला.

रामहरी दुसऱ्या सकाळी पोचला. त्याच्या आधीच मला काढायला सुंदरम्मा आली. गोजरबाई भिंतीला टेकून बसली होती. आता तिचं रडूनही झालं होतं. ती कमरबीला सांगत होती, अगदी शांतपणे, एखादी रास उफणून झाल्यावर बोलावं तसं.

"मी ते दोन दीस दोरा सोडून कावीळ काढली म्हून तेवडी तरी जगली. बांदूनच ठिवली आसती तर कवाच गेली आसती माझी वच्छी. तेवडं एक बरं केलं म्या."

सुंदरम्माचे हात माझ्यावर थांबले. तिनं गोजरबाईकडं पाहिलं. मग कमरबीकडं. कमरबीनं नजर खाली घातली. सुंदरम्माला सगळं उमगलं, ते मला तिच्या बोटांतून कळलं. तिला सांगता आलं असतं. एका वाक्यात सांगता आलं असतं.

ती म्हणाली, "हो अम्मा." आणि उशीखालून टोपडं काढून गोजरबाईच्या हातात दिलं.

डॉक्टरांनाही तिनं सांगितलं नाही. ते अजून विचारत असतील स्वतःला. दुर्बिणीच्या दिव्याचं पार्सल चौथ्या दिवशी आलं. मौलालीचाचानं तो बसवला. तिला काही पाहायचं उरलं नव्हतं, तरी लखलखीत लागला.

त्यानंतर सुंदरम्मा बदलली. कुणाच्याही नळीला दोरा बांधला की ती हातातलं सगळं खाली ठेवून खाटेच्या कडेवर बसायची. रोग्याच्या आईला, सासूला, बहिणीला जवळ बोलवायची. मोडक्यातोडक्या मराठीत सांगायची, "हे पिवळं म्हणजे कावीळ नाही अम्मा. सगळ्यांच्या पोटात असतं, माझ्यापण, तुमच्यापण. बांधलंय ते कळावं म्हणून, वाट उघडी का बंद. दुखलं तर लपवू नका. दुखलं तर घरी जायला उशीर होतो, पण जाता येतं." मग तेच पुन्हा सांगायची. मग समोरच्या बाईकडून वदवून घ्यायची. बाकीच्या सिस्टरा हसायच्या, शाळा भरली म्हणायच्या.

तिच्या हाताखाली एकदाही दोरा सुटला नाही. पण गेल्या वर्षी तिची नोकरी संपली. ती गेली.

मीही आता नळी राहिले नाही. रबर चिरत आलं, तेव्हा मौलालीचाचानं माझे दोन हात कापून टाकले. उरलेला पाय वॉर्डात दिला. आता माझ्यानं रोग्यांचे दंड आवळतात, शीर वर यावी आणि रक्त काढता यावं म्हणून. एवढ्याशा कामासाठी मी खाटेखाटेवर फिरते. नाडी तेवढी लागते हाताला. बरं वाटतं.

आज सकाळी मला नऊ नंबरच्या खाटेवर नेलं होतं आणि उशाच्या खुर्चीवर विसरून गेलेत. खाटेवर मैंदर्गीकडची एक बाळंतीण आहे. तिच्या पोटातून माझ्यासारखीच एक नवी नळी बाहेर आलीय. भोंगा झाल्यावर तिला दोरा बांधला. नव्या सिस्टरनं दाराकडं जाता जाता सांगितलं, "सोडायचं नाही हं." तिचं वय लहान आहे. कामं फार आहेत. तिला दोष देऊन काय करू?

आता दुपार झालीय. बाळंतिणीनं पाय पोटाशी घेतलेत. तिची सासू उशाशी बसलीय. म्हातारी मायाळू आहे. सकाळपासून तिनं सुनेसाठी तीनदा पेज गरम करून आणली. सिस्टर जेवायला गेलीय. म्हातारीनं दोनदा दाराकडं पाहिलं.

तुम्ही माझं ऐकताय ना? तुम्हाला तोंड आहे, पाय आहेत. त्या सिस्टरला हाक मारा. नाही तर तुम्हीच जा त्या म्हातारीपाशी, दोन मिनिटं बसा, आणि दोरा कशासाठी बांधलाय ते सांगा तिला. नुसतं सोडू नको म्हणू नका. तेवढं गोजरबाईलाही सांगितलं होतं.

म्हातारीनं तांब्या उचललाय.